लहान शिडाची होडी आखताना आधी काय ठरवावे?

कोथरूडचा आरेखक:

सर्वांना नमस्कार. मी सत्तावीस वर्षे एका कारखान्यात यंत्रभागांची आरेखने केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. माझे आजोळ हर्णैजवळचे; तेथील बंदरात नांगरलेल्या होड्या पाहत लहानपणीच्या सुट्ट्या गेल्या, आणि स्वतःच्या हाताने बांधलेल्या होडीत शीड उभारून बसावे ही इच्छा तेव्हापासून मनात आहे. आता वेळ आहे, सुतारकामाची थोडी सवय आहे, आणि आवश्यक त्या परवानग्या घेऊन मुळशी किंवा पवना जलाशयावर ऑक्टोबर ते मे या काळात सहलीसाठी वापरता येईल अशी होडी मला आखायची आहे. होडीत मी, माझी पत्नी आणि दहा वर्षांचा नातू असे तिघे असू. शर्यतीत उतरण्याचा विचार नाही.

पहिला आराखडा असा आहे: लांबी १४ फूट, रुंदी १.४ मीटर, ६ मिलिमीटर प्लायवूडचे कवच, तारांनी ताणलेली ६ मीटर उंचीची डोलकाठी, तिच्यावर मागचे मोठे व पुढचे लहान अशी दोन त्रिकोणी शिडे मिळून १० चौरस मीटर, आणि होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून तळाच्या खाचेतून सरळ खाली उतरवायची फळी, म्हणजे डॅगरबोर्ड. रिकाम्या होडीचे वजन माझ्या हिशेबाने ९५ किलो भरते. चौदा फूट लांबी घेण्यामागे वेगाचा विचार आहे, कारण पाणी बाजूला सारत जाणाऱ्या होडीचा कमाल वेग पाण्यालगतच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो.

दोन महिने कागदावर काम केल्यानंतर माझी अडचण अशी झाली आहे की वेग वाढवला की स्थैर्य घटते, स्थैर्यासाठी रुंदी वाढवली की वजन वाढते, आणि वजन कमी करायला गेलो की टिकाऊपणाची शंका येते. ज्यांनी लहान होड्या चालवल्या किंवा बांधल्या आहेत त्यांनी सांगावे की माझ्यासारख्या कुटुंबाच्या होडीत आधी कशाला जागा द्यावी आणि कशावर पाणी सोडावे. आराखड्यावर स्पष्ट टीका केलीत तरी मला ती हवीच आहे. लाकूड अजून विकत घेतलेले नाही.

पिरंगुटघाट:

आपल्या आराखड्यात पाण्यावरच्या होडीचा विचार बारकाईने केलेला दिसतो, पण ही होडी वर्षातले बहुतेक दिवस जमिनीवर असणार आहे, आणि माझ्या मते पहिला निर्णय तेथेच घ्यायला हवा. ती सोसायटीत कोठे राहील, तेथून गाडीवर कोण चढवील, चांदणी चौक आणि पौड ओलांडून काठावर पोहोचल्यावर पाण्यापर्यंत कोण नेईल, आणि संध्याकाळी थकलेल्या अंगाने तीच कामे उलट क्रमाने कोण करील, हे प्रश्न मी माझ्या पहिल्या होडीच्या वेळी स्वतःला विचारले नव्हते. ती सोळा फुटी, १३० किलोची, जुनी घेतलेली होडी होती. पाण्यावर ती फार देखणी चालायची. पण तिला उचलायला चौघे लागत, चौघांना एकाच रविवारी सवड मिळत नसे, आणि दोन वर्षांत आम्ही तिला पाच वेळा पाण्यात घातले. ती विकताना मला खरोखर वाईट वाटले. त्यानंतर घेतलेली बारा फुटी होडी ५८ किलोची आहे. मी आणि माझी मुलगी तिला दोघेच हलवतो, आणि गेल्या हंगामात आम्ही जवळजवळ वीस वेळा गेलो.

आता वेगाचा हिशेब पाहा. पाण्यालगतच्या लांबीच्या फुटांचे वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की नॉटमध्ये वेग मिळतो. चौदा फुटी होडीची ही लांबी १३ फूट धरली तर ४.८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९ किलोमीटर. बारा फुटी होडीची ११ फूट धरली तर ४.४ नॉट, म्हणजे ताशी ८.२ किलोमीटर. दोन फूट लांबी आणि त्याबरोबर येणारे पंचवीस-तीस किलो वजन यांच्या बदल्यात आपल्याला ताशी पाऊण किलोमीटरही मिळत नाही, आणि तेसुद्धा होडी कमाल वेगाला पोहोचेल इतका वारा असेल तेव्हाच. मंद वाऱ्यात तर हलकी होडीच आधी हलते.

जलाशयाचा काठ हा समुद्रकिनारा नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. ऑक्टोबरमध्ये पाणी गवतापर्यंत असते. मे महिन्यात तेच पाणी बरेच खाली गेलेले असते आणि मध्ये चिखल, गोटे आणि भेगाळलेली माती असते. त्यामुळे तळाला लांबीच्या दिशेने दोन-तीन कठीण लाकडाच्या पट्ट्या हव्यात, म्हणजे घासण्याचा मार त्या सोसतील आणि झिजल्यावर बदलता येतील. दोन चाकांची हलकी हातगाडी होडीबरोबरच आखावी, चाके रुंद असावीत. गाडीच्या टपावर न्यायची असेल तर टपाला किती भार चालतो ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. बऱ्याच मोटारींना ५० ते ७५ किलोच्या वर परवानगी नसते, आणि त्यात वर बसवलेल्या कॅरियरचे वजनही धरायचे असते. हा आकडा आधी वाचावा आणि होडीचे वजन त्यावरून ठरवावे. आपल्या ९५ किलोंना सध्या तरी रस्ता नाही.

वारा_पश्चिमेचा:

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात भर घालते ती सुरक्षिततेच्या बाजूने, कारण नातू बरोबर असणार हे वाक्य वाचल्यापासून मला दुसरे काही सुचत नाही. मी अठरा वर्षे लहान होड्या चालवते. लहान होडी कधी ना कधी कलंडते, हे आखणाऱ्याने आधीच मान्य करावे आणि कलंडल्यानंतरची दहा मिनिटे आराखड्यात स्वतंत्रपणे आखावीत.

पुण्याच्या पश्चिमेच्या जलाशयांवर एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेचा वारा धरतो, आणि तो डोंगरांच्या खिंडींतून येत असल्यामुळे झोतांनी येतो. एका मिनिटात दिशा आणि जोर दोन्ही बदलतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. ७ चौरस मीटरचे शीड धरून ढोबळ हिशेब देते. ताशी १८ किलोमीटर वाऱ्यात शिडावर आडवा जोर सुमारे १३ किलोंचा येतो. शिडाचा मध्य पाण्याखालच्या फळीच्या मध्यापासून २.३ मीटर वर असेल तर होडी उलथवणारा मोमेंट, म्हणजे किलोंतला जोर गुणिले मीटरमधले अंतर, ३० होतो. सत्तर किलोची एक व्यक्ती होडीच्या मध्यरेषेपासून ६० सेंटिमीटर बाहेर बसली तर ती ४२ देते, दोन व्यक्ती ८४ देतात. वारा ताशी ३६ किलोमीटर झाला की उलथवणारा मोमेंट १२० च्या घरात जातो, आणि दोघांचे मिळून ८४ पुरत नाहीत. आपल्या मूळ आराखड्यातले १० चौरस मीटर शीड आणि उंच डोलकाठी घेतली तर ही वेळ याहून बरीच लवकर येईल.

यावर रुंदी वाढवणे हा एक उपाय आहे आणि तो उपयोगी आहे. होडी सरळ असतानाचे स्थैर्य रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १.४ ऐवजी १.५५ मीटर रुंदी घेतली तर ते सुमारे एक तृतीयांशाने वाढते. पण खरा उपाय शीड आखडता येण्याचा, म्हणजे रीफ करण्याचा आहे. तेच ७ चौरस मीटरचे शीड ४ वर आणले की त्याचा मध्यही खाली येतो आणि वरच्या ३६ किलोमीटर वाऱ्यात मोमेंट ६० च्या आसपास राहतो. म्हणून शिडाला आखडण्याच्या दोन ओळी शिवून घ्याव्यात, आणि हे काम होडीत बसल्या बसल्या दोन मिनिटांत व्हावे. उभे राहून, पुढे वाकून करावे लागणारे आखडणे गरजेच्या वेळी कोणी करत नाही. (लेझर जातीच्या होडीचे शीड डोलकाठीवर पिशवीसारखे चढवलेले असते आणि नेहमीच्या रीतीने आखडता येत नाही, शर्यतीसाठी ते ठीक आहे, कुटुंबासाठी मी ते निवडणार नाही.)

आता कलंडण्याविषयी. काही वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्या कुटुंबाच्या होडीत होते. होडी नवी होती, रंग सुंदर होता, आणि हवाबंद कप्पा फक्त पुढच्या टोकाला होता. झोत आला, होडी कलंडली, आम्ही ती सरळही केली. पण ती काठापर्यंत भरलेली होती आणि मधल्या फळीच्या खाचेचे तोंड पाण्याखाली गेले होते, त्यामुळे आम्ही जितके पाणी उपसत होतो तितकेच खाचेतून आत येत होते. अंगात लाइफ जॅकेट होते म्हणून आम्ही निश्चिंत होतो, पण दोन तास पाण्यात राहावे लागले आणि त्या घरातला बारा वर्षांचा मुलगा थंडीने थरथरत होता. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून कोणतीही होडी पाहिली की मी आधी फळीच्या खाचेची उंची पाहते.

तेव्हा दोन्ही बाजूंच्या बैठकांखाली लांबीभर हवाबंद कप्पे घ्या. एक लिटर पोकळी एक किलो भार तोलते. बारा फुटी होडीला दोन्ही बाजू मिळून १५० ते २०० लिटर असाव्यात, शिवाय पुढच्या टोकाला थोडी. होडी पाण्याने भरलेली असताना एक माणूस आत बसला तरी खाचेचे तोंड पाण्याच्या वर राहिले पाहिजे, ही अट मोजून पाळावी. मात्र बाजूचे कप्पे वाजवीपेक्षा मोठे केले तर कलंडलेली होडी पाण्यावर इतकी उंच तरंगते की फळीपर्यंत हात पोहोचत नाही आणि ती लवकर पूर्ण पालथी होते. डोलकाठीच्या शेंड्याला फोम भरून तोंड बंद केले तर पालथे होणे लांबते. आणि होडीत परत चढण्यासाठी मागच्या बाजूला दोराची एक पायरी ठेवा. पाण्यातून होडीच्या काठावर स्वतःला ओढून घेणे साठीच्या माणसाला जमेलच असे नाही. बालदी दोराने होडीला बांधलेली असावी.

सुतारशाळा:

मी साहित्यापुरते लिहितो. भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये मरीन प्लाय म्हणून जे मिळते त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का आहे का ते पाहावे आणि त्यावरही पूर्ण विसंबू नये. पाट्याच्या कडा चारही बाजूंनी पाहाव्यात. मधल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर तो पाटा होडीसाठी नको. एक पट्टी कापून तासभर उकळावी, वाळवावी, पुन्हा उकळावी, आणि थर सुटतात का ते पाहावे. गर्जन लाकडाचा ६ मिलिमीटरचा आठ बाय चारचा पाटा सुमारे १२ किलो भरतो, ४ मिलिमीटरचा ८ किलो. तळ ६ चा ठेवून बाजू, बैठका आणि कप्प्यांच्या भिंती ४ च्या केल्या आणि बाहेरून काचकापड लावले तर बारा फुटी होडीत दहा किलोंच्या आसपास वाचतात, आणि ज्या जागी गोटे लागतात ती जागा दुबळी होत नाही. आपण टिकाऊपणा आणि हलकेपणा यांना एकमेकांचे शत्रू मानले आहे. पण जाडी सगळीकडे सारखी ठेवली तरच ते खरे ठरते.

पाटा आठ फुटांचा आणि होडी बारा फुटांची, त्यामुळे सांधा येणारच. जाडीच्या आठपट उतार देऊन, म्हणजे ६ मिलिमीटरला ४८ मिलिमीटर, दोन्ही कडा तासून चिकटवाव्यात. पाटे तांब्याच्या तारेने शिवून आतून इपॉक्सीच्या, म्हणजे दोन घटक कालवून घट्ट होणाऱ्या रेझिनच्या, लगद्याने सांधे भरायची जी पद्धत आहे ती नवशिक्याला सर्वांत सोपी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मिरर ही ११ फुटी होडी तारेने शिवण्याच्या पद्धतीने घराघरांत बांधली जाऊ लागली आणि तिचे कवच सुमारे ४५ किलोंचे होते. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळते, पण लाकडाला ते नीट धरत नाही. भोसरीत फायबरचे काम करणारे कोणी तेच सुचवले तरी घेऊ नये.

इपॉक्सी पुण्याच्या मे महिन्यात फार लवकर घट्ट होते. तापमान दहा अंशांनी वाढले की काम करायला मिळणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो. थोडे थोडे कालवावे आणि पसरट भांड्यात ठेवावे, किंवा काम थंडीत करावे. पावसाळ्यात केलेत तर पृष्ठभागावर मेणचट थर येतो; तो साध्या पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर देऊ नये, नाहीतर रंग सुटतो. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, त्यामुळे रंग किंवा अतिनील किरण अडवणारे वॉर्निश आवश्यकच आहे, आणि रंग फिकट असावा.

कप्प्यांत थर्माकोल भरण्याचा सल्ला पुष्कळजण देतात. तो वर्षानुवर्षे ओलावा धरतो आणि पॉलिएस्टर रेझिन लागले तर विरघळतो. त्याऐवजी झाकणे घट्ट लावलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कप्प्यात भरून ठेवाव्यात. कप्प्याला तडा गेला तरी तेवढी हवा शिल्लक राहते. प्रत्येक कप्प्याला हात जाईल एवढे फिरकीचे झाकण ठेवावे आणि होडी जमिनीवर असताना ते उघडे ठेवावे, म्हणजे आतला दमटपणा निघून जातो आणि उन्हात तापलेल्या हवेचा सांध्यांवर ताण येत नाही.

तरंगकेंद्र:

मी जहाजबांधणी शिकलो आहे, आणि आपल्या आराखड्यातील डॅगरबोर्डविषयी मला काळजी वाटते. आपल्या जलाशयांच्या पोटात जुनी घरे, बांध, झाडांची खोडे आहेत. पवनेच्या पाण्यात बुडालेले वाघेश्वराचे मंदिर उन्हाळ्यात बाहेर येते, हे आपण पाहिले असेल. पाणी जसजसे उतरते तसतसे हे सगळे फळीच्या टप्प्यात येते. सरळ सरकवलेली फळी दगडावर आदळली तर होडी एकदम थांबते, माणसे पुढे फेकली जातात आणि खाचेचा सांधा फुटू शकतो. खिळीभोवती फिरणारा सेंटरबोर्ड धक्का बसताच मागे वर उचलला जातो. वर घेतलेली फळी ज्यात राहते ती त्याची पेटी होडीतली जागा खाते, गळतीची एक शक्यता वाढते, हे खरे आहे; तरीही आपल्या पाण्यासाठी मी तोच निवडीन. सुकाणूचे पातेही तसेच वर उचलले जाणारे असावे. आणि सुकाणू बिजागऱ्यांतून वर निसटू नये अशी अडकण हवी, कारण कलंडल्यावर सर्वांत आधी वाहून जाते ते सुकाणू.

फळीचे पाण्यातले क्षेत्रफळ शिडाच्या ४ टक्क्यांच्या आसपास असावे. ७ चौरस मीटरला ०.२८ चौरस मीटर, म्हणजे साधारण ८० सेंटिमीटर खोल आणि ३५ सेंटिमीटर रुंद. तिच्या कडा नुसत्या गोल करून थांबू नये. पुढची कड गोलसर, सर्वांत जास्त जाडी पुढून एक तृतीयांशावर आणि मागे निमुळती होत गेलेली, असा आडवा छेद तासून काढला तर वाऱ्याकडे चढताना होडीचे वागणे लक्षात येण्याइतके सुधारते. या कामाला पैसे लागत नाहीत, दोन सुट्ट्या लागतात.

शिडाचा मध्य आणि फळीचा मध्य यांचे नाते यानंतर येते. कागदावर शिडाचा मध्य फळीच्या मध्याच्या थोडा पुढे ठेवतात, कारण होडी कलल्यावर आणि चालू लागल्यावर ती आपोआप वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते. ही ओढ हलकी असेल तर चांगली. हातातून सुकाणू सुटले तरी होडी वाऱ्याकडे वळून थांबते. उलट ओढ असेल तर ती वाऱ्यापासून दूर वळत, वेग घेत जाते आणि लहान मुलाच्या हाती ते धोक्याचे आहे. फिरणारी फळी थोडी वर घेतली की तिचा मध्य मागे सरकतो, त्यामुळे जास्तीची ओढ कमी करण्याची सोयही मिळते.

शिडाच्या प्रकाराविषयी मात्र माझे मत कदाचित इतरांहून वेगळे असेल. डिसेंबर-जानेवारीत इकडे वारा फार मंद असतो आणि पाण्यालगत तो आणखी मंद असतो. उंच, निमुळत्या शिडाला वरचा वारा मिळतो. उंच शीड वाऱ्याशी ४५ अंशांत चालेल, आखूड डोलकाठीवरचे तिरक्या काठीचे चौकोनी शीड, ज्याला लग म्हणतात, ५० अंशांत चालेल. वाऱ्याच्या दिशेने एक किलोमीटर जायला पहिल्याला १.४१ किलोमीटर नागमोडी अंतर कापावे लागते, दुसऱ्याला १.५६.

वारा_पश्चिमेचा:

वाऱ्याकडे चढण्याचा आपला हिशेब बरोबर आहे, पण दीडशे मीटर जास्त जावे लागले तरी सहलीला काही बिघडत नाही. लग शिडाची डोलकाठी साडेतीन-चार मीटरची असते, तिला तारा लागत नाहीत, ती एकटा माणूस खाचेत उभी करू शकतो, आणि पोहोचल्यापासून दहा मिनिटांत होडी पाण्यात असते. तारा, ताणण्या आणि दोन शिडे जोडायला पाऊण तास लागला की तेवढा वेळ मूल उन्हात उभे राहते आणि पुढच्या वेळी येत नाही. शिवाय झोत आला तर लग शीड एक दोर सोडताच खाली येते. मंद वाऱ्यासाठी क्षेत्रफळ साडेसात करावे आणि वल्ह्यांवर भर द्यावा. संध्याकाळी वारा पडतो आणि काठ दोन किलोमीटर दूर असतो. दीड मीटर रुंद होडीला सात ते आठ फुटांची दोन वल्ही आणि ती ओढायला नीट बसता येईल अशी मधली बैठक मूळ आराखड्यातच हवी. वल्ही नंतर जोडू म्हटले की गुडघे सेंटरबोर्डच्या पेटीला अडतात.

आणखी एक. शिडाखालची आडवी काठी, म्हणजे बूम, आपल्या पत्नीच्या बसलेल्या उंचीपेक्षा किमान एक वीत वर राहील असे पाहा. त्यासाठी शीड थोडे वर गेले तरी चालेल.

तरंगकेंद्र:

झोतात शीड झटकन उतरवता येण्याचा मुद्दा मला मान्य आहे, आणि मूल बरोबर असताना तो दीडशे मीटरांपेक्षा मोठा आहे. तरी डोलकाठीच्या जागेविषयी आजच पक्के ठरवू नये असे सुचवतो. आधी पुठ्ठ्याचे किंवा दीड मिलिमीटर प्लायचे एकास पाच प्रतिरूप करा. लांबी पाचपट कमी झाली की वजन एकशे पंचवीसपट कमी होते, त्यामुळे माणसांसह २५० किलोंच्या होडीचे प्रतिरूप बरोबर दोन किलोंचे हवे. ते पाण्याच्या टाकीत ठेवून तीन माणसांच्या जागी वजने ठेवा, एक वजन काठाकडे सरकवा, होडी किती कलते ते मोजा. मग त्यात काठोकाठ पाणी भरा आणि फळीच्या खाचेचे तोंड वर राहते का ते पाहा. कागदावर मी अनेकदा चुकलो आहे, टाकीत ती चूक एका संध्याकाळी कळली.

कोथरूडचा आरेखक:

आपण सर्वांनी दिलेल्या वेळाबद्दल मनापासून आभार. गेले आठ दिवस मी नवीन कागद घेऊन बसलो होतो. आधी खाली जाऊन वाहन ठेवण्याची जागा मोजली. भिंतीपासून खांबापर्यंत ती ४.५ मीटर आहे आणि त्यात दुचाकीही राहते, म्हणजे चौदा फुटी होडी तेथे मावलीच नसती. गाडीच्या पुस्तिकेत टपाचा भार ७५ किलो दिला आहे. कॅरियरचे वजन वजा करून मी होडीच्या कवचासाठी ६० किलोंची मर्यादा धरली आहे आणि प्रत्येक भागाचे वजन आरेखनाशेजारी लिहीत चाललो आहे. सध्या बेरीज ६३ येते, आणि ती कमी करण्यासाठी पुढच्या टोकाचे लाकडी आच्छादन काढून तेथे फक्त कप्प्याची भिंत ठेवावी असे मनात आहे.

लांबी १२ फूट आणि रुंदी १.५ मीटर ठरली. तळ ६ मिलिमीटर, बाकी ४. दोन्ही बैठकांखाली प्रत्येकी ८५ लिटरचे कप्पे, फिरणारा सेंटरबोर्ड, साडेसात चौरस मीटरचे लग शीड आणि त्याला आखडण्याच्या दोन ओळी. डोलकाठीसाठी एकाऐवजी दहा सेंटिमीटर अंतरावर दोन खाचा ठेवतो, म्हणजे पाण्यावर पाहून जागा निवडता येईल. पत्नीला जेवणाच्या टेबलाशेजारी पाटावर बसवून बूमची उंची मोजली, तेव्हा ती माझ्या आरेखनापेक्षा ११ सेंटिमीटर जास्त हवी असे दिसले. तिने त्याच वेळी विचारले की पाण्यातून वर चढण्याची दोराची पायरी एकाच बाजूला का, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

प्रतिरूप कापायला घेतले आहे. एक शंका उरली आहे: भरलेल्या होडीची चाचणी करताना प्रतिरूपातील कप्पे खरोखर पोकळ ठेवावेत, की तेवढ्या आकाराचा फोम बसवला तर चालेल?

तरंगकेंद्र:

फोम चालेल, फक्त त्याचे वजन दोन किलोंत धरावे आणि तो कप्प्याच्या आकाराचा नेमका कापावा. दोराची पायरी दोन्ही बाजूंना, मागच्या कोपऱ्यांत घ्यावी. आणि प्रतिरूपात सेंटरबोर्डची पेटी आजच्या आरेखनापेक्षा दोन सेंटिमीटर उंच करून ठेवावी, म्हणजे पाण्याची रेषा नेमकी कोठे येते ते पेटीवर पेन्सिलीने खूण करून पाहता येईल आणि खऱ्या होडीत त्या खुणेच्या किती वर थांबायचे ते ठरवता येईल. प्रतिरूपातला एक सेंटिमीटर होडीत पाच असतो.